तित्तराला अंधार, पाकोळीला ऊब

“हलू नका. आहात तिथेच थांबा... पाय उचलू नका.”

दार ढकलून आत येणाऱ्या माणसाचा एक पाय आत होता आणि एक बाहेर. तो तसाच थांबला. त्याच्या ओल्या बुटांच्या मधोमध, फरशीवर, एक तित्तर बसला होता. मातकट, गोल, मान आखडून घेतलेला, आणि आपण कुणाला दिसतच नाही अशा ठाम समजुतीत असलेला. त्याच्यापासून जरा अंतरावर एक तरुणी गुडघ्यांवर रांगत पुढे सरकत होती. तिच्या केसांत गवताची काडी अडकली होती, हातात जुना टॉवेल होता आणि चेहरा असा होता, की या माणसाने श्वास जरी जोरात घेतला तरी ती त्याला जन्मभर माफ करणार नाही.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. पागोळ्यांचं पाणी त्या माणसाच्या मानेवरून थेट पाठीत उतरत होतं. त्याने हूं की चूं केलं नाही. ती अजून थोडी सरकली, टॉवेल अलगद पसरला... आणि पुढच्या क्षणी तित्तर टॉवेलसकट तिच्या छातीशी होता.

“आता हललं तर चालेल?” त्याने विचारलं.

“चालेल. पण हळू बोला. घाबरला की याचा जीवच जातो.”

“याचा की तुमचा?”

तिने वर पाहिलं. माणूस नखशिखांत भिजलेला होता आणि तरी हसत होता. उजवा हात त्याने कोटाच्या आत, छातीशी धरून ठेवला होता.

“तुमचं काय काम आहे इथे?”

“माझ्या मुठीत कुणीतरी आहे,” तो म्हणाला. “तिला आधी टांगू या. मग ओळख सांगतो.”

त्याने कोट बाजूला केला. पातळ हातमोज्यातल्या त्याच्या मुठीतून एक इवलंसं तपकिरी तोंड बाहेर डोकावलं. पेनच्या टोपणाएवढं वटवाघूळ... पाकोळी.

अशी त्यांची पहिली भेट झाली. दोघांच्याही हातात दुसऱ्याच कुणाचा तरी जीव होता, त्यामुळे नमस्कार करायचा राहून गेला.

ती जागा म्हणजे जखमी पक्षी-प्राण्यांचा दवाखाना. शहराच्या टोकाला, पाण्याच्या उंच टाकीखाली, बसकी लांबलचक इमारत. पक्ष्यांचा भाग तिच्याकडे होता आणि तिथे तिला सगळे तित्तरबाई म्हणत. घारींवर, घुबडांवर, पोपटांवर जीव टाकणारे पुष्कळ असतात. तित्तराला कुणी नसतं. त्याला शिकाऱ्यांनी मारायचं, कुत्र्यांनी धरायचं, आणि चुकून दवाखान्यापर्यंत पोचलाच तर ‘हा तर खायचा पक्षी’ हे ऐकून घ्यायचं. तिचा जीव नेमका त्याच्यावर होता. काही माणसांना कुणी विचारत नाही तीच गोष्ट आवडते, त्याला इलाज नाही.

तो नवा आला होता, पाकोळ्यांसाठी. शहरात एक जुनी गिरणी पाडायला घेतली होती आणि तिच्या छपरातल्या पाकोळ्या जखमी होऊन रोज येत होत्या. त्यांच्यासाठी ठरवलेल्या खोलीच्या भिंतींना ओल आली होती. थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुखांनी, सरळ हुकूम काढला. पक्ष्यांची मोठी खोली दोघांत वाटून घ्यायची. थोरल्या डॉक्टर फारसं बोलत नसत, आणि बोलल्या की दुसऱ्याला बोलायला जागा ठेवत नसत.

“भांडायचं असेल तर बाहेर पटांगणात भांडा,” एवढंच त्या म्हणाल्या. “आत रुग्ण आहेत.”

खोलीच्या मधून एक जाड पडदा टांगला गेला. अलीकडे तिचे बुटके, लांबट पिंजरे, पलीकडे त्याच्या खरखरीत लाकडी फळ्या, भिंतीला उभ्या लावलेल्या. पहिला दिवस दोघांनी एकमेकांच्या संसाराकडे संशयाने बघण्यात घालवला.

“पिंजऱ्याच्या छताला कापड कशाला?” त्याने विचारलं.

“तित्तर घाबरला की सरळ वर झेपावतो. छत कडक असलं की डोकं फुटतं.”

“म्हणजे आधी गप्प बसतो. बसतो, बसतो, कुणाचा पाय अंगावर पडायची वेळ आली तरी बसतो... आणि मग एकदम डोकं आपटून घेतो.”

“हो.”

“ओळखीचं वाटतंय कुणीतरी.”

“कोण?”

“सांगण्याइतकी आपली ओळख झालेली नाही अजून.”

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिला हसू लपवता येतं, कान लपवता येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती केस मोकळे सोडून यायला लागली. तिने त्याचं नाव वाघुळराव ठेवलं. त्याने ते मुकाट्याने घेतलं. वर, “राव लावलंत, तेवढा मान पुष्कळ,” असं म्हणाला.

शनिवारी दवाखाना बघायला लोक येत. थोरल्या डॉक्टरांनी या दोघांना जोडीने बोलायला उभं केलं. एका खोलीतले दोन रुग्ण, तित्तर आणि पाकोळी, यांची तुलना करून सांगा, म्हणजे लोकांच्या लक्षात राहील. तुलना कसली, जुगलबंदीच व्हायची.

“तित्तराला पंख आहेत, पण त्याचा भरवसा पायांवर,” ती सुरुवात करायची. “उडणं अगदी नाइलाज म्हणून.”

“आणि पाकोळीला पाय आहेत, पण ते फक्त लटकण्यापुरते,” तो पुढे ओढायचा. “जमिनीवर पडली की तिची पंचाईत होते. उडायला तिला आधी उंचावरून खाली झोकून द्यावं लागतं.”

“तित्तराचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.”

“पाकोळी त्याच्याहून जास्त बोलते, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. कुणी ऐकत नाही म्हणून ती काही बोलायची थांबत नाही. माझ्यासारखीच.”

लोक हसत. मग ती गंभीर व्हायची, कारण शेवटचा भाग गमतीचा नव्हता. जखमी तित्तर सापडला तर त्याला हातात धरून बसू नका, कुरवाळू नका, बोलू नका. खोक्यात ठेवा, वर कापड टाका, अंधार करा आणि लांब व्हा. माणसाच्या मायेनेच तो मरतो. त्यावर तो सांगायचा, की थंडीत गारठलेली पाकोळी सापडली तर नेमकं उलटं. तिला झाकून ठेवून दिलीत तर ती तशीच संपेल. हातमोजा घाला, मुठीत घ्या, आपल्या अंगाची ऊब द्या. ती थरथरायला लागेल. घाबरू नका, ती थरथर म्हणजे ती परत येते आहे.

“एकाचा उपचार दुसऱ्यावर केला तर दोन्ही मरतील,” ती म्हणायची.

“म्हणून आम्हाला मध्ये पडदा दिलाय,” तो म्हणायचा, आणि लोकांना बोलणं संपल्याचं कळायचं.

पाऊस ओसरला तशी बरी झालेली मंडळी सोडायची वेळ आली. एका संध्याकाळी दोघं गावाबाहेरच्या माळावर गेले. गवत कमरेएवढं होतं आणि ओल्या मातीचा वास अजून टिकून होता. तिने खोकं जमिनीवर ठेवलं, झाकण बाजूला केलं आणि त्याला बाहीला धरून मागे ओढलं.

“असं लांब उभं राहायचं. बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे.”

“मग बघायचं कुणाकडे?”

“आभाळाकडे.”

तो तिच्याकडेच बघत राहिला. बऱ्याच वेळाने तित्तर खोक्यातून उतरला, दोन पावलं चालला आणि गवतात शिरला. निरोप नाही, मागे वळून बघणं नाही. तिचे डोळे भरून आले.

मग त्याची पाळी. त्याने कापडी पिशवीतून पाकोळी काढली, हात खांद्याच्या वर उंच धरला आणि बोटं उघडली. ती तळहातावर पडून राहिली, अंग थरथरवत, गरम होत. दुसऱ्या हाताने त्याने तित्तरबाईंना एक छोटी पेटी दिली. पाकोळीचं बोलणं माणसाच्या कानाला पोचेल असं करणारं यंत्र होतं ते. पाकोळी हातावरून खाली निसटली, जमिनीला टेकणार असं वाटेपर्यंत खाली गेली, आणि वर उसळली... आणि पेटीतून टिक टिक टिकटिकटिक असा आवाज सुरू झाला. रिकाम्या वाटणाऱ्या त्या अंधुक आभाळात केवढी गडबड चालली होती.

“एवढं सगळं बोलत असतात?” ती पुटपुटली.

“सारखं. आपण कुठे आहोत ते त्यांना त्यावरूनच कळतं. आवाज जातो, कशावर तरी आपटून परत येतो... आवाज परत आलाच नाही, तर आपण कुठे आहोत हेच कळायचं नाही.”

“मला तुम्हाला एक विचारायचंय. पण घाई नाही.”

“मी कुठे पळून जातेय?”

“तित्तरांचा काही नेम नसतो.”

तिने पेटी त्याला परत केली नाही. घरी येईपर्यंत ती तिच्या मांडीवर होती.

त्याच्या घरी ती पहिल्यांदा गेली ती पिशव्या आणायला. पाकोळ्यांना ठेवायच्या मऊ सुती पिशव्या त्याची आई शिवत असे. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली. आता तिचं हृदय थकलं होतं आणि जिना उतरायची तिला मनाई होती. खिडकीजवळ शिवणयंत्र, शेजारी औषधांचा डबा, आणि जिभेला मात्र कुठलीच मनाई नव्हती.

“अहो-जाहो कसलं करताय एकमेकांना?” चहाचा कप पुढे करत आई म्हणाली. “एका खोलीत दिवस काढता आणि बोलता कचेरीतल्यासारखं. मी जिवंत आहे तोवर ‘अरे-तुरे’ ऐकू दे मला.”

“आई...” तो म्हणाला.

“तू गप्प बस. हिला विचारतेय मी. काय गं, म्हणशील ना त्याला अरे?”

तिचे कान लालबुंद झाले. “चहा घे ना रे,” ती कशीबशी म्हणाली, आणि आईने टाळी वाजवावी तसे दोन्ही तळवे जुळवले.

त्यानंतर ती दर रविवारी जायला लागली. शिवणयंत्रात दोरा ओवून द्यायची, आईच्या पायांना तेल लावायची, आणि आई तिला मुलाच्या लहानपणच्या अशा अशा गोष्टी सांगायची, की तो उठून स्वयंपाकघरात जायचा. एकदा तो आत गेलेला असताना आईने तिचा हात धरला.

“हा वरून बडबड्या आहे,” आई म्हणाली. “पण मनाला लागलं की मुका होतो. तेव्हा त्याला सोडू नकोस हो.”

तिने मान हलवली. तिला वाटलं, आपल्याला कळलं.

थंडी पडायला लागली त्या आठवड्यात आई गेली. सकाळी शिवणयंत्रापाशी बसली, आणि मग बसलेलीच राहिली.

ती पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. नातेवाईक, शेजारी, खात्यातल्या म्हाताऱ्या मैत्रिणी. तो आतल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसला होता. चेहरा कोरा, खांदे आवळलेले, श्वास वरच्या वर. जो तो येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होता आणि प्रत्येक हाताने तो आणखी आक्रसत होता. तिच्या काळजाचं पाणी झालं. असा बसलेला जीव तिने शेकडो वेळा पाहिला होता... आणि त्याचं काय करायचं हे तिच्या हातांना पाठ होतं.

शिवाय तिला स्वतःचं आठवलं. तिचे वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. घर असंच भरलं होतं, आत्या-मावश्यांनी तिला दिवसदिवस मिठीतून सोडलं नव्हतं, आणि तिला फक्त एक बंद दार हवं होतं. ते कुणी दिलं नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते ज्याच्यावर जीव आहे त्याला द्यावं, यात चूक आहे असं कुणाला वाटेल?

तिने सगळ्यांना हळूच बाहेर काढलं. “त्याला जरा एकटं राहू द्या,” असं प्रत्येकाला सांगितलं. खिडकीचा पडदा ओढून अंधार केला. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. त्याच्याकडे फार बघितलं नाही, बोलली नाही, हातही लावला नाही. बाहेर येऊन दार लावून घेतलं, अगदी आवाज होणार नाही असं.

आणि मग ती लांब झाली.

तिने फोन केला नाही. दवाखान्यातल्या मंडळींनाही बजावलं, की त्याला त्रास देऊ नका. त्याच्या पाकोळ्यांचं सगळं तिने अंगावर घेतलं. चिमट्याने अळ्या भरवणं, फळ्या पुसणं, पिशव्या धुणं. आणि त्या पिशव्यांची बारीक शिवण बोटांखाली आली की पडद्यामागे उभी राहून रडणं. रोज संध्याकाळी ती त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. वरच्या मजल्यावर दिवा दिसला की तिच्या जिवात जीव यायचा, आणि ती परत फिरायची. ताई, तिची मोठी बहीण, जिच्या घरी ती राहत होती, ती एकदा म्हणालीसुद्धा, “अगं, जाऊन भेट ना त्याला.”

“नाही ताई. तो आपणहून बाहेर आला पाहिजे. आपण गेलं की बिथरतात.”

“कोण बिथरतात?”

ती तोवर चप्पल घालून बाहेर पडली होती.

तो बाहेर आलाच नाही. एका सकाळी थोरल्या डॉक्टर तिच्या पिंजऱ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“वाघुळराव बदली मागतोय,” त्या म्हणाल्या. “समुद्राकडच्या दवाखान्यात. त्यांनी घेतलंय त्याला. या शनिवारी निघेल. तुला माहीत असेलच.”

तिला माहीत नव्हतं. तिच्या हातातलं दाण्यांचं भांडं कलंडलं आणि सगळे तित्तर एकाच वेळी कापडी छतावर जाऊन आदळले.

“मला तो काही बोलला नाही,” ती म्हणाली.

“तू त्याच्याशी बोलली होतीस?”

थोरल्या डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या गेल्या. ती खाली बसून दाणे गोळा करत राहिली. जातोय तर जाऊ दे, असं तिने स्वतःला बजावलं. कुणाला धरून ठेवायचं नसतं. बरा झालेला जीव मागे वळून बघत नाही, आणि आपण तशी अपेक्षाही करायची नसते. ती हे सगळं अगदी बरोबर बोलत होती, फक्त तिला श्वास घेता येत नव्हता.

त्याच दुपारी पहारेकरी एक पाकोळी घेऊन आला. टाकीच्या सावलीत सापडलेली, ताठ झालेली. “गेली बहुतेक, बाई,” तो म्हणाला. तिने मान हलवून ती घेतली, आणि तिचे हात आपले आपण चालू लागले. खोकं घेतलं, तळाशी कापड घातलं, पाकोळी ठेवली, झाकण लावलं, वर टॉवेल टाकला. खोलीतला दिवा मालवला आणि ती दाराकडे निघाली.

दारात तिचे पाय थांबले.

ती धावत परत आली. टॉवेल फेकला, हातमोजा चढवला, पाकोळी मुठीत घेतली आणि मूठ गळ्याशी, स्वेटरच्या आत धरून फरशीवर बसली. काहीच होत नव्हतं. बर्फाचा खडा धरल्यासारखं ते गार, सुकलेलं अंग. ती बोलायला लागली, काहीबाही, तिला स्वतःलाच कळत नव्हतं काय. ऊठ ना गं. मी आहे इथे. मी कुठे जात नाहीये. बसल्या बसल्या तिच्या पायांना मुंग्या आल्या. आणि मग, अगदी बारीक, बोटांच्या आत कुठेतरी थरथर सुरू झाली.

ती थरथर वाढत गेली तशी तिला एक एक गोष्ट दिसत गेली. ओढलेला पडदा. उशाशी ठेवलेला तांब्या. आपण प्रत्येकाला दाराबाहेर काढलं ते. आवाज न करता लावलेलं दार. इतके दिवस, रोज, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आपण त्याला हवं ते देतोय असं मानत होतो... आणि तो वर, त्या घरात, एकटा गारठत होता.

पाकोळी हातात वळवळली तेव्हा तिने तिला फळीवर टांगलं, पहारेकऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती कोट न घेताच निघाली.

दार त्याने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मागे खोक्यांची चळत दिसत होती. शिवणयंत्र चादरीत गुंडाळलेलं होतं.

“काही राहिलंय का दवाखान्याचं माझ्याकडे?” त्याने विचारलं. आवाज सभ्य होता, आणि तिला तोच जास्त लागला.

“आत येऊ?”

तो बाजूला झाला. बसायला खुर्ची मोकळी नव्हती. दोघं खोक्यांच्या मध्ये उभे राहिले.

“शनिवारी निघतोस म्हणे.”

“हो. तिकडे माणूस हवाय त्यांना.”

“आणि इकडे?”

“इकडे कुणाला हवा आहे असं वाटलं नाही मला.” तो खिडकीकडे बघत बोलत होता. “त्या दिवशी तू सगळ्यांना बाहेर काढलंस. मला वाटलं, आता तू एकटी आत येशील. मी वाट बघत होतो. तू पडदा ओढलास, आणि दार लावून गेलीस. मग वाटलं, उद्या येशील. परवा येशील. फोन तरी करशील... पंधरवडा झाला, मग महिना होत आला. रागावलो नाही मी. म्हटलं, आई होती म्हणून येत होती.”

“नाही रे.”

“मग काय?”

तिला वाटेत पुष्कळ वाक्यं सुचली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

“मी तुला तित्तरासारखं वागवलं,” ती म्हणाली.

तो वळून बघायला लागला.

“तू असा बसला होतास... खांदे आवळून, श्वास धरून. मला दुसरं काही सुचलंच नाही. अंधार केला, सगळ्यांना लांब केलं, मीही लांब झाले. हात लावला तर तू मरशील असं वाटलं मला. रोज येत होते मी. खालच्या वळणापर्यंत. दिवा बघून परत जात होते. मला वाटत होतं, मी तुझी काळजी घेतेय. आई मला सांगून गेल्या होत्या, याला सोडू नकोस म्हणून. आणि मी मान हलवली होती.”

त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हसण्यासारखा सुरू झालेला आणि मध्येच मोडलेला.

“मी पाकोळ्यांचा माणूस,” तो म्हणाला. “आणि तू माझ्यावर कापड टाकलंस.”

“हो.”

“दर शनिवारी माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होतीस.”

“हो.”

तिने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे गार होते. तिने ते आपल्या हातांत दाबून धरले आणि सोडले नाहीत. आयुष्यात तिने कुठल्याच जिवाला गरजेपेक्षा एक क्षण जास्त धरलेलं नव्हतं.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. “आणि जायचंच असेल तर मला घेऊन जा. पण मला सोडून जाऊ नकोस. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मी ते लांबून करत बसले, हीच चूक झाली.”

त्याचे हात थरथरायला लागले. ती घाबरली नाही.

“आणि पुन्हा कधी तुला वाटलं, मला एकटं सोडायला हवं... तर?” त्याने विचारलं.

“तर आधी विचारीन.”

“नक्की?”

“आत्ताच विचारते. काय हवंय तुला? एकटं राहायचंय, की मी थांबू?”

त्याने विचार केला. इतक्या दिवसांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. सांत्वन सगळ्यांनी केलं होतं.

“थांब,” तो म्हणाला. “फार बोलू नकोस. पण थांब.”

ती थांबली. दोघं फरशीवर, खोक्यांना टेकून बसले. बाहेर अंधारलं, दिवा लावायला कुणी उठलं नाही. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता आणि हात अजून हातात होते. कितीतरी वेळाने त्याने एक हात सोडवून घेतला, खिशातून फोन काढला आणि थोरल्या डॉक्टरांना लावला.

“मी बोलतोय. पाकोळ्यांची खोली कुणाला दिली तर नाही ना?” त्याने विचारलं.

पलीकडचं बोलणं तिलाही ऐकू आलं. “खोली तशीच आहे,” थोरल्या डॉक्टर म्हणाल्या. “एक बाई सांभाळते आहे. पण तिला त्यातलं काही कळत नाही.”

“कळतं आता,” तो म्हणाला. त्याने फोन खाली ठेवला, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडायला लागला.